टाइगची आत्या

आदरणीय बाबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर मी म्हणाले, "नाव त्या दोघांनीच ठरवलं, मी काय करणार?" ते खोटं होतं. रविवारी इथे लीड्सच्या हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झाल्यावर सम्यकच्या बाळाच्या कानात ते नाव आत्या म्हणून मीच सांगितलं. टाइग.

तुम्ही नागपूरहून पाठवलेली बारा नावांची यादी माझ्या पर्समध्येच होती. पण आदल्या दिवशी तुमची सून ऑर्ला सांगत होती, की टाइग हे आयर्लंडमधलं फार जुनं नाव, अर्थ कवी. पुढे आयरिश लोकांना तुच्छ मानणाऱ्यांनी त्या नावाची शिवी केली. तिच्या आजोबांचं नाव तेच, पण शाळेत मास्तरांनी त्याचं इंग्रजी टिमथी करून टाकलं. म्हातारपणी त्यांनी हट्टाने दारावर पाटी लावली, टाइग.

मला आजोबा आठवले, तुमचे वडील. पाटील त्यांना कचरू म्हणायचा, हे आईने एकदाच सांगितलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी स्वतःचं नाव स्वतः ठेवलं, सुगत. ते जुनं नाव तुम्ही घरात कधी कुणाला काढू दिलं नाहीत. मी ते इथे लिहून बसले, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुम्ही विचारलंत ना, असलं कसलं नाव? आपल्याच घरातलं आहे, बाबा.

मधलं नाव मात्र मी भांडून घेतलं. आज रजिस्ट्रारबाईंनी सर्टिफिकेट वाचून दाखवलं, "टाइग सुगत गजभिये." सगळे बसले होते. मी उठून उभी राहिले.

तुमची,
धम्मशीला