अकोल्याची स्वराली

३ मार्च २०२५, सोमवार

पुण्याहून पुष्करचा मेल. १ एप्रिलपासून सगळ्यांनी ऑफिसात हजर. वर ठळक अक्षरात — 'आपण पुन्हा एकत्र येतोय'. खाली हसऱ्या माणसांचा फोटो. त्यातलं एकही माणूस आमच्या कंपनीतलं नाही.

पाच वर्षांपूर्वी हाच पुष्कर — माझा साहेब, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान — म्हणाला होता, "मैथिली, तुमच्या घरांनी कंपनी तारली." तेव्हा पुण्यातले दोन मजले रिकामे केले त्यांनी. अमरावतीतली माझी मागची खोली, माझं टेबल, माझा पंखा, सगळं चाललं. आता म्हणे घरून काम केल्याने आपलेपणा कमी होतो.

रागाच्या भरात एकही क्लेम धड वाचला नाही. लोकांची हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्जचे कागद तपासायचे आणि विमा मंजूर करायचा की नाही ते सांगायचं, हे आमच्या सात जणांचं काम. चिडून करायचं काम नाही ते. उद्या सगळे परत वाचावे लागतील.

४ मार्च

दुपारी हरिहर कोर्टातून जेवायला घरी आला. मी मीटिंगमध्ये, कानाला हेडफोन. नवरा दारात उभा राहून खुणेनं चहा मागतोय. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने तीच खूण पुन्हा केली, जरा मोठी.

नंतर म्हणतो, "घरीच तर होतीस."

ऑफिसला वाटतं, घरी आहे म्हणजे काम करत नाही. घराला वाटतं, घरी आहे म्हणजे मोकळी आहे. माझ्याबद्दल या दोघांचं एकमत आहे आणि मी मधे बसून दहा-दहा तास टाइप करतेय.

संध्याकाळी स्वरालीला फोन करून हे सगळं ओकले. अकोल्याची आहे, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपासून माझ्या टीममध्ये. आवाज बारीक, बोलणं मोजकं. कधी भेटलो नाही. कॅमेरा कायम बंद — "मॅडम, रेंज नाही." तिला म्हटलं, "अगं, तू लग्न करू नकोस." ती म्हणाली, "मॅडम, आधी जेवून घ्या."

७ मार्च

प्रत्येक टीममधल्या दोघांनाच घरून काम करायची सूट. नावं टीमच्या प्रमुखाने द्यायची. म्हणजे वाईटपणा माझ्याकडे.

मी माझं आणि स्वरालीचं नाव दिलं. माझं का? कारण मला जायचं नाही. तिचं का? कारण तिच्यासारखं काम कुणी करत नाही. डॉक्टरांचं वेडंवाकडं अक्षर ती सहज वाचते. मागच्या महिन्यात कॉम्प्युटरने आपोआप फेटाळलेला एका म्हाताऱ्याचा क्लेम तिने परत आणला. म्हणाली, या औषधाचं नाव चुकीचं वाचलंय, हे हृदयाचं आहे. बरोबर निघालं. मी विचारलं, तुला कसं कळलं ग? "सवय आहे मॅडम." सव्विसाव्या वर्षी कसली सवय! पोरगी हुशार आहे.

११ मार्च

पुष्करचा फोन. "स्वरालीचा कॅमेरा दोन वर्षं बंद आहे. तुम्ही जवळच आहात ना? प्रत्यक्ष भेटून, लॅपटॉप पाहून फॉर्म भरा. मग बघू."

जवळच. पुण्याहून बघितलं की विदर्भ सगळा जवळजवळच असतो.

१५ मार्च, शनिवार

कुठून सुरू करू.

बडनेऱ्याहून सकाळची अकोल्याची गाडी धरली. मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, पोरगी आनंदाने उडी मारेल. डाबकी रोडला घर सापडलं. दार एका पंचावन्नच्या आसपासच्या बाईंनी उघडलं. पांढरे केस, चष्मा दोरीला अडकवलेला.

म्हटलं, स्वराली आहे का?

"मैथिली मॅडम?"

तो आवाज. बारीक. माझ्या कानात दोन वर्षं असलेला.

आत टेबलावर कंपनीचा लॅपटॉप, बाजूला वही, वहीत औषधांची नावं. मी उभीच. त्या म्हणाल्या, "बसा न जी. मले वाटलंच होतं, तुमी एक दिवस याल म्हणून."

स्वरालीची आई. नाव माणिकबाई. अकोल्यातल्याच एका हॉस्पिटलात बावीस वर्षं रेकॉर्डच्या खोलीत होत्या. कॉम्प्युटर आले, त्यांना घरी पाठवलं. मुलीला ही नोकरी लागली तेव्हा शेजारी बसून तिला केसपेपर वाचून दाखवायच्या. मग, माझ्या टीममध्ये यायच्या आधीच, मुलीला बुलढाण्याला सरकारी नोकरी लागली. तिने राजीनामा लिहिला तो यांनी पाठवलाच नाही.

"काहून?" मीही वऱ्हाडीवर आले रागात.

"माह्या नावानं कोणी ठेवलं असतं मले? बारावी पास, त्रेपन्नचं वय. अर्जातच भरता येत नाई जी, थे जागाच नाई त्यात. इथं कोणी तोंड पाहून नाई राहिलं, तर म्हटलं, काम तर पाह्यतील."

"मी तुम्हाला अगं-तुगं करत होते. नवऱ्याचं सांगत होते. तुम्ही ऐकून घेत होता."

"बरं वाटे न मले. दिवसभर घरात दुसरं कोण बोलते?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. नको नको ते बोलले. लोकांच्या आजारपणाचे कागद परक्या नावाने वाचताय, हा गुन्हा आहे, पोरीची सरकारी नोकरी जाईल, माझी तर जाईलच. त्या पदराने चष्मा पुसत होत्या. एकदाही अडवलं नाही मला. शेवटी म्हटलं, सोमवारी राजीनामा टाका, स्वरालीच्या नावाने, गुपचूप. विषय संपला.

चहा तसाच राहिला. स्टेशनपर्यंत चालत गेले, उन्हात.

१६ मार्च

हरिहरला सांगितलं. वकील म्हणून नाही, नवरा म्हणून ऐक म्हटलं. त्याने वकील म्हणूनच ऐकलं. "रिपोर्ट कर. आजच. नाहीतर तूही त्यात."

अकोल्याहून दोन फोन. उचलले नाहीत.

राग नेमका कशाचा येतोय ते शोधतेय. फसवलं त्याचा? की दोन वर्षांत माझं एकुलतं एक माणूस तेच होतं आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं, त्याचा? ऑफिसात शेजारी बसलो असतो तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि ऑफिस असतं तर ती बाई फाटकाच्या आत आली नसती. दोन्ही खरं. म्हणूनच डोकं फुटायची वेळ आली.

१७ मार्च, सोमवार

राजीनामा आला नाही. 'स्वराली'ने नेहमीसारखे क्लेम उरकले. चोवीस. एकही चूक नाही. मी एकेक परत तपासला, चूक सापडावी म्हणून.

पुष्करला आडून विचारलं. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, हॉस्पिटल रेकॉर्डचा बावीस वर्षांचा अनुभव, पदवी नाही, वय पंचावन्न. घेता येईल?

तो हसला. "मैथिली, हे सोशल वर्क नाही. आणि त्या वयाच्या बायकांना सिस्टिम जमत नाहीत हो."

त्याला सांगावंसं वाटलं, तू गेल्या दिवाळीत जिला 'बेस्ट परफॉर्मर' म्हणून मेल पाठवलास ना, तिचं वय विचार.

अकोल्याहून पुन्हा फोन. उचलला नाही. अजून राग गेलेला नाही. जाऊही नये.

१८ मार्च

सकाळी साडेनऊला फॉर्म भरला. 'कर्मचारी प्रत्यक्ष भेटली — होय. ओळख पटली — होय. लॅपटॉप तपासला — होय.' खाली माझी सही.

आयुष्यात पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं. पुष्करचं ते हसणं कानात होतं. त्याच्या आपलेपणाचा, त्या फोटोतल्या भाड्याच्या हसऱ्या माणसांचा असा संताप आला होता की वाटलं, एक तरी माणूस या कंपनीत माझ्या मर्जीने राहील.

माणिकबाईंना उद्या फोन करून सांगेन. आज नको. आज बोलले तर पुन्हा ओरडेन. दुपारून त्यांचा परत फोन आला होता. वाजू दिला.

१९ मार्च

सकाळी मेल उघडला. काल संध्याकाळी सहाला पुष्करला आणि वरच्या दोघांना गेलेला, मला प्रत. पहिल्यांदाच खाली स्वतःचं नाव.

'मी माणिकबाई. दोन वर्षे माझ्या मुलीच्या नावावर मी काम केले. तिला यातले काही माहीत नाही, तिने राजीनामा दिला होता, तो मी पाठवला नाही. मैथिली मॅडम शनिवारी आमच्याकडे आल्या, पण मी दार उघडले नाही. त्या बाहेरूनच परत गेल्या. त्यांनी मला पाहिलेले नाही. त्यांचा दोष नाही.'

चार वेळा वाचला. मग फोन लावला. "काहून लिहिलं असं? मी फॉर्म भरला होता. तुम्हाला ठेवलं होतं मी."

"तेच इचाराले फोन करून राहिली होती मी," त्या म्हणाल्या. "काय लिहू म्हणून. तुमी उचललाच नाई."

२० मार्च

पुष्करने विचारलं, "एक म्हणते भेटलो, दुसरी म्हणते दारच उघडलं नाही. खोटं कोण बोलतंय?"

म्हटलं, "दोघी."

लॅपटॉप परत पाठवायला सांगितलेत. दोन्ही.