मालकांनी खाल्लेल्या बिया

९ एप्रिल
जन्मभर बियाण्यापुरत्या ठेवून बाकीच्या भोपळ्याच्या बिया म्हशीम्होरं टाकल्या, आन सुनंनं, वर्षाराणीनं, आज त्याच बिया दुकानातनं आणल्या! हिरव्या, सोललेल्या, मुठीएवढी पुडी.

तिनं फोनवर बघून वाचलं — प्रथिनं, लोह, मॅग्नेशियम, झिंक. झिंक म्हणजे काय गं? तर जस्त. गोठ्याच्या पत्र्याला चढवत्यात ते! आता पोटावर पत्रा घाला.

माझी आई जंतावर ह्याच बिया गुळात कुटून द्यायची. तिच्याकडं फोन नव्हता. जंत पडायचे.

१३ एप्रिल
मालक रात्रीत पाच-पाच वेळा उठत्यात लघवीला. दवाखाना म्हटलं की तोंड असं करत्यात, जसं काय कळंब्याच्या जेलात घालतोय.

वर्षाराणी सासऱ्याला म्हणाली, "मामा, पुरुषांच्या त्या प्रोस्टेटच्या गाठीला ह्या बिया बऱ्या म्हणत्यात. पण ह्यो खाऊ हाय, औषध न्हवं. डॉक्टरला दाखवाच."

पहिलं तेवढं ऐकलं. पुढच्याला ठार बहिरे.

१४ एप्रिल
पुडी संपली.

२० एप्रिल
रोज भोपळा. भाजी, घारगे, परत भाजी — सगळं बियांपायी. मालक स्वतः तव्यावर भाजत्यात, तिखटमीठ लावून. लग्नाला बावन्न वर्षं झाली, गॅस पेटवायला आत्ता शिकले.

शेजारच्या चिमणाबाईला सांगत होते, आता एकदाच उठतोय म्हणून. खोटं! खाट करकरती, मला ऐकू येतंय की.

२९ एप्रिल
उद्या अक्षयतृतीया, भोपळ्याची आळी घालायची. राखेत घोळून ठेवलेलं बियाणं काढायला मडक्यात हात घातला — नुसती राख. सासूच्या वेळचं वाण!

मालकांना विचारलं. खाली मान. तेबी भाजून खाल्लं. वर्षाराणीला हसू आवरंना. मी तोंड सोडलं ते दिवेलागणीपर्यंत.

३० एप्रिल
चिमणाबाईकडनं बिया मागून आळी घातली.

शिव्या संपल्यावर डोक्यात आलं. एकदा घरात दाणा नव्हता, तवाबी ह्या माणसानं बियाण्याला हात लावला न्हाय. मग आत्ताच का? काहीतरी लपवत्यात. उद्या न ओरडता विचारायचं.

१ मे
"रक्त जातंय लघवीतनं," म्हणाले. "शिमग्यापासनं."

उद्या दहाला दवाखाना, वर्षाराणीनं नंबर लावलाय. कधीपासनं, हे डॉक्टर विचारणारच. ते मालकांनीच सांगायचं. सुनंनं मधी बोलायचं न्हाय. मीबी न्हाय.