सतरा नंबरचा निरोगी माणूस

३ मार्च
धाप ही मुळात हृदयाची तक्रार, हा माझा सिद्धान्त. आज हॉस्पिटलच्या भर बैठकीत त्या फुफ्फुसवाल्या डॉक्टरने त्याला ‘उत्तम भाषण’ म्हटलं. लोक हसले. सूड घेणार. जिना चढताना धाप लागली. संतापाने लागते.

५ मार्च
शस्त्र सापडलं! पन्नाशीनंतर निरोगी माणसाचंही फुफ्फुस खचतं, हे त्याला सिद्ध करायचंय. चालण्याच्या चाचणीला स्वयंसेवक हवेत. गुपचूप नाव दिलं. असा चालेन की त्याच्या आकडेवारीचं कंबरडं मोडेल.
बायको म्हणाली, आधी कुणाला तरी दाखवा. तिला सांगितलं, लोक मला दाखवायला येतात.

९ मार्च
चाचणी. कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायचं. चौथ्यात थांबलो. बूट नवे. शिवाय फरशी ओली. सिस्टरने खुर्ची दिली, ती शिष्टाचार म्हणून घेतली. छातीवर दिवसभर हृदयाचे ठोके टिपणारा रेकॉर्डर. मिरवला.

१२ मार्च
फुफ्फुसवाला स्वतः दारात! स्वयंसेवकांचे हृदयाचे आलेख तपासायला माझ्याइतकी तयार नजर नाही म्हणे. आलेखांवर नावं नाहीत, फक्त नंबर. माणूस कोण ते तपासणाऱ्याला कळू नये, असा नियम. आयतं कोलीत हातात दिलं बेट्याने. (म्हणीतला माकडाचा भाग गाळला आहे.)

१४ मार्च, सकाळ
सापडला! नंबर सतरा. आलेख कसला, दंगल. अहवालात ठणकावून लिहिलं: ‘हा निरोगी असेल तर मी शिंपी. याला आत्ता दाखल करा. याच्या प्रकृतीकडे पाहणारा डॉक्टर आंधळा किंवा गर्विष्ठ. बहुधा दोन्ही.’ खाली ठसठशीत सही. एक प्रत संचालकांना. स्वतः जिने चढून दिली. धाप लागली. आनंदाने.

१४ मार्च, दुपार
दारात फुफ्फुसवाला, सिस्टर आणि चाकांची खुर्ची. पेशंट कुठाय, विचारलं. तो हळूच म्हणाला, “बसा सर. सतरा नंबर तुमचा.”
मी म्हटलं, आलेख वाचण्यात चूक असू शकते.
“तुमची नजर चुकत नाही, सर.”

१६ मार्च, वॉर्ड
फुफ्फुसवाला रोज येतो, छाती ऐकतो, एका शब्दानेही टाकून बोलत नाही. इतका क्रूर सूड मला जमला नसता. तरी विजय माझाच: धाप हृदयाचीच निघाली. बायकोलाही हे समजावलं.
तिने माझा अहवाल दुसऱ्यांदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.
“दोन वर्षं मी हेच सांगतेय,” ती म्हणाली. “तुमच्या सहीनिशी आज मिळालं.”