पिवळी गोळी आणि ताईचं पोट

मंगळवार, दिनांक ११ मार्च, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. स्थळ, तुझं चष्म्याचं दुकान, काउंटरच्या आतली बाजू.

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. तारीख आधी आणि आशीर्वाद मागून, हा क्रम चुकून पडलेला नाही. तक्रारीच्या पत्रात आधी घटना सांगावी आणि प्रेम नंतर व्यक्त करावं, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं. उलट केलं तर वाचणारा प्रेमावरच थांबतो. तुझी प्रकृती ठीक असेलच. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? (तिला तू काय काय खाऊ घालतोस याची मला आता कल्पना आली आहे, म्हणून मुद्दाम विचारते.) माझी प्रकृती कशी आहे, हे पुढे कळेल.

तर त्या दिवशी, त्या वेळी, माझ्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला मी तुझ्या दुकानात लंगडत आले. आदल्या दिवशी स्टुलावरून उतरताना गुडघा मुरगळला होता आणि चांगला सुजला होता. तू स्क्रूला हात लावण्याआधीच शर्टाच्या खिशातून ते चष्म्याचं घर काढलंस, ज्यात चष्मा कधीच नसतो. त्यात गोळ्या असतात. पाकिटातून सोडवलेल्या, नागड्या, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. (पाकिटं ठेवली तर घर बंद होत नाही आणि पाकिटाचा आवाज ऐकून बायको ओरडते, ही तुझी दोन कारणं मला पाठ आहेत.) नावं तुला लागतच नाहीत. पिवळी गुडघ्याची, गुलाबी कंबरेची, पांढरी डोक्याची. गिऱ्हाईक नंबर तपासायला आलं आणि "आई गं" म्हणालं, की नव्या काचांबरोबर एक गोळी त्याच्या तळहातावर. गल्लीत तुला अर्धे डॉक्टर म्हणतात आणि तुला तो मान वाटतो! बाळा, अर्ध्या पुलावरून कोणी नदी ओलांडत नाही.

मी म्हटलं, "मला माझी रोजची गोळी चालू आहे, तिच्यावर ही चालेल का?" तू विचारलंस, "तुझी कशाची?" मी म्हटलं, "आतड्याच्या सुजेची." त्यावर तू असा हसलास, जणू मीच लहान. "अगं ताई, तुझी सुजेची, हीपण सुजेचीच. एका कामाला दोन माणसं कशाला? ही घे, ती बंद कर. लिव्हरला तेवढाच आराम." आणि पाण्याचा पेला पुढे केलास. मी गोळी का घेतली, हे मला विचारू नकोस. उभी हयात मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर काढली आणि नंबर दोनदा विचारल्याशिवाय एक ट्रंक कॉल जोडला नाही. पण ज्या माणसाने माझ्या नाकावर आजवरचे सगळे चष्मे बसवले, त्याला स्वतःला दिसत नसेल अशी शंका मला आली नाही. आणखी गोळ्या तू कागदाच्या पुडीत बांधून दिल्यास, आणि माझी रोजची मी बंद केली.

माझा आजार तुला ठाऊक नाही असं नाही, पण तुम्ही सगळे त्याला 'ताईचं पोट' म्हणता, जणू मी ते हौसेने पाळलं आहे. त्याला मोठ्या आतड्याचा जुनाट दाह म्हणतात. तो बरा होत नाही, शांत राहतो, आणि शांत राहतो तो रोज घेतलेल्या त्या गोळीमुळे. गेली काही वर्षं तो इतका शांत होता की मलाही अधूनमधून वाटायचं, आता कशाला घ्यायची? (पहारेकरी आहे म्हणून चोर येत नाही, आणि आपण म्हणतो, चोर येत नाही तर पहारेकरी कशाला. हा मूर्खपणा मी इतकी वर्षं टाळला होता. तुझ्या दुकानात तो मला फुकट मिळाला.)

न्यायाने सांगायचं तर गुडघा उतरला. झपाट्याने उतरला. मी फोन करकरून तुझी स्तुती केली, ती आता एकेकीला फोन करून परत घेते आहे. पण थोड्याच दिवसांत पोटात कळा सुरू झाल्या, आणि मी ते बाहेरच्या खाण्यावर ढकललं. अशात आमच्या एक्स्चेंजच्या निवृत्त मंडळींचा वार्षिक मेळावा आला. भाषण माझं होतं. विषय होता 'कर्तव्य आणि आपली जागा'. म्हणजे बोर्डासमोरची जागा ऑपरेटरने बदली माणूस आल्याशिवाय सोडायची नाही, काहीही झालं तरी. हे वाक्य मी माइकसमोर ठणकावून म्हटलं आणि जागा सोडली.

त्या सभागृहाचं बांधकाम ज्याने केलं, त्याला आतडं नसावं. स्वच्छतागृहाचं दार व्यासपीठाच्या शेजारी, सगळ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, आणि बिजागरीला तेल नाही. मी परत आले, टाळ्या झाल्या, दुसरा मुद्दा सुरू केला आणि पुन्हा गेले. दार दोन्ही वेळा कुरकुरलं. माझ्या हाताखाली काम केलेल्या, मला चळाचळा कापणाऱ्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. कोणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. शाळेत आम्हाला हात वर करून परवानगी मागावी लागे. या आजाराला हात वर करण्याइतकाही धीर नसतो. तिसऱ्यांदा गेले तेव्हा रक्त दिसलं. मग मी व्यासपीठावर परतले नाही. आतून कडी लावून बसले, आणि बाहेर आभारप्रदर्शन चाललेलं ऐकत राहिले. त्यात माझ्या 'ओघवत्या' भाषणाचा उल्लेख झाला. धाकट्या, मी त्या वेळी हसले नाही. मला भीती वाटत होती.

दवाखान्यात मला तुझी लेक बिट्टी घेऊन गेली. (पोरीने कॉलेज बुडवलं, माझी पिशवी धरली, आणि रिक्षात एक अक्षर बोलली नाही. तुझ्या घरात गप्प बसता येणारं तेवढंच एक माणूस.) पोटाच्या डॉक्टर म्हणजे बिट्टीहून फार मोठी नसलेली एक बाई. पण प्रश्न विचारायची पद्धत अशी, की मी तिला आमच्याकडे तेव्हाच्या तेव्हा सुपरवायझर नेमली असती. "मधे दुसरं काही औषध घेतलं?" "पिवळी गोळी." "पिवळी म्हणजे कोणती?" मग तिच्यासमोर मी तुला फोन लावला, आणि तू जे बोललास ते तिने ऐकलं: "अगं, पिवळी म्हणजे पिवळी! सगळ्यांना चालते!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्याही कॉलनंतर मला इतकी लाज वाटली नव्हती.

आता त्यांनी सांगितलं ते लिहिते, नीट वाच. सूज उतरवणारी सगळी औषधं एका जातीची नसतात. माझी रोजची गोळी आतड्यात उतरून तिथला दाह शांत ठेवते. ती बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही आणि तोडायची, चावायची तर नाहीच, कारण तिचं आवरण वाटेत फुटलं तर औषध पोचायच्या ठिकाणी पोचत नाही. तुझ्या पिवळीसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या गुडघ्याला आराम देतात, पण आतड्याच्या अस्तराला ओरबाडू शकतात आणि माझ्यासारखीचा झोपलेला आजार उठवू शकतात. प्रत्येकाला तसं होतंच असं नाही. काहींना थोडे दिवस चालतातही, पण ते ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवतो, चष्मेवाला नाही. शिवाय मूत्रपिंडावर ताण येतो. माझ्या रोजच्या गोळीसाठीसुद्धा अधूनमधून रक्त तपासून मूत्रपिंड बघावं लागतं, आणि दोन्ही एकत्र म्हणजे आणखी जपायला हवं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल, तीही ठरल्या प्रमाणात. आणि दातांचा डॉक्टर असो की औषधवाला, जो कोणी गोळी पुढे करेल त्याला आधी आपला आजार सांगायचा. (मी तुला सांगितला होता. तू हसलास.)

पंधरवडाभर मऊ भातावर आणि नव्या औषधांवर मी अंथरुणाला खिळले असताना तू भेटायला आलास, डोळ्यांत पाणी आणून पायथ्याशी बसलास, आणि निघताना माझ्या उशीशेजारी एक हिरवी गोळी ठेवलीस. "गॅसची आहे, अगदी गरीब." मी तुला त्या गोळीसकट दाराबाहेर काढलं, हे तू नातेवाइकांत सांगत फिरतोस असं ऐकते. गोळीचा रंगही सांगत जा म्हणजे झालं.

सबब, हे चष्म्याचं घर कायमचं बंद व्हावं, अशी माझी लेखी मागणी आहे. गोळ्या औषधवाल्याकडे नेऊन दे, तो त्यांची विल्हेवाट लावेल. कचऱ्यात टाकू नकोस, कोणीतरी उचलून वाटेल, आणि तो तूच असशील.

तुझी,
ताई

ता. क. वर 'कायमचं नातं तोडेन' असं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. पत्र पुन्हा उतरवून काढण्याइतकी ताकद अजून आलेली नाही, म्हणून नवा कागद चिकटवला आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

ता. क. २. हे सगळं पुढच्या चार ओळींसाठी लिहिलं. थेट लिहायला हात होईना. त्या दिवशी डॉक्टर मला समजावत असताना बिट्टीच्या हातातली माझी पिशवी खाली पडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत्या, बाबा मला दर महिन्याला तीच पिवळी देतात." पाळीत पोट दुखतं म्हणून तू देतोस, आणि जास्त दुखलं की दोन देतोस. गेले काही महिने तिला जुलाब होतात, वजन उतरलंय, आणि तुम्ही दोघं त्याला परीक्षेचं टेन्शन म्हणता. तिलाही शौचातून रक्त जातं. तिने घरात सांगितलं नाही, कारण "बाबा किती मायेने देतात गं, त्यांना किती लागेल." मी तिला त्याच डॉक्टरांकडे परत नेलं. माझाच आजार तिला आहे, की गोळ्यांनी आतडं दुखावलंय, की दोन्ही, हे दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. तपासणी येत्या शुक्रवारी सकाळी आहे. तू यायचंस, बायकोला घेऊन.

ता. क. ३. त्याआधी डॉक्टरांना हवंय ते एवढंच: बिट्टीला काय दिलंस, किती, आणि कधीपासून. नावानिशी, औषधवाल्याला विचारून. हे जगात फक्त तुला माहीत आहे. पोरीला मी शब्द दिलाय की बाबा तिच्यावर चिडणार नाहीत आणि स्वतःलाही बोल लावत बसणार नाहीत. लेखी उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, आणि रडणं डॉक्टरांना वाचता येत नाही.