भट्टीचा पाव म्हणजे नेमके काय

मी शालिकराम वल्द हिरामण सोमकुवर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा बेकरी, राहणार सौंसर, बस स्टँडच्या मागे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्यामुळे कायद्याने धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वडिलांनी केले होते. त्याचे मी काय केले ते पुढे येईल.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व पडवी, पत्नी चंद्रकला हिला. तिथे कोणी राहावे आणि कोणी निघावे हे तिने ठरवावे. आजही तीच ठरवते, फक्त कागद नव्हता.

कलम दोन. पीठ मळायची सागवानी काथवट धाकटा भाऊ गुलाब यास. मात्र त्याआधी ती आठ दिवस रामाकोन्याचे संत्रा बागायतदार नत्थूजी यांच्या ओसरीवर ठेवावी. आमच्या घरचे पाणी नत्थूजींना कधी चालले नाही. पाव पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हिंदीत पायाला पाँव म्हणतात हाच त्याचा पुरावा, असे ते तीस वर्षे बाजारात सांगत आले. पुढे त्यांना टायफॉइड झाला आणि डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला, तेव्हा त्यांचा माणूस आमच्या मागच्या दाराने रोज सहा पाव नेत असे. त्या काळी आमच्या भागात पाव आजाऱ्यानेच खायचा. धडधाकट माणूस लादी घेऊन निघाला तर वाटेत चौघे विचारायचे, "घरी कोन बिमार हाय?" तरी नत्थूजींनी काथवटीत पाय मावतो का ते स्वतः पाहावे. पाहून झाल्यावर ती स्वच्छ धुऊन परत करावी.

कलम तीन. भट्टी. हे कलम मी दोनदा लिहायला घेतले आणि दोनदा उठून पाणी प्यायलो.

वडिलांनी कामठीच्या छावणीत काम शिकून ही भट्टी बांधली. ते शब्दांचे कंजूष होते. १९६७ साली त्यांनी कागदावर लिहिले, "भट्टी शालिकरामची. भट्टीचा पाव गुलाबला मिळत जावा." हिस्सा हा शब्द त्यांनी लिहिला नाही. मी कागद वाचला, विचार केला, आणि वडिलांच्या तेरवीनंतर गुलाबच्या हातात एक पाव ठेवला. तो म्हणाला, "दादा, हे काय होय?" मी म्हणालो, "कागदात लिहिलं तेच देऊन राहिलो."

तो भांडला नाही. बायको-पोरांना घेऊन पांढुर्ण्याला गेला आणि स्टेशनबाहेर चहाची टपरी टाकली. वडिलांची आज्ञा मोडायची नाही म्हणून मी रोज सकाळच्या बसने कंडक्टरच्या हाती एक नग पाठवत राहिलो, कधी पाव, कधी गोड बन. गावात लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. मीही ऐकून घेत होतो.

दुपारच्या बसने गुलाबची चिठ्ठी यायची. "मीठ कमी." "भट्टी थंडी होती." "खमीर आंबट झालं, दादा." माझ्यापेक्षा हात त्याचा चांगला, हे मला लहानपणापासून माहीत होते. चिठ्ठी वाचून मला राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी मीठ वाढवायचो. बनात संत्र्याची साल साखरेत मुरवून घालायची, हेही त्यानेच कळवले. आता छिंदवाड्याचे प्रवासी त्या बनासाठी बस थांबवतात आणि माझ्या हाताची तारीफ करतात. एकदा नव्या कंडक्टरने बन वाटेतच खाल्ला. त्या दिवशी चिठ्ठी आली, "आज बन नाही आला. तब्येत बरी हाय ना?" ती चिठ्ठी मी बाकीच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात ठेवली नाही, खिशात ठेवली. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

हे कलम लिहिताना चंद्रकला शेजारी डाळ निवडत बसली होती. म्हणाली, "तुमाले सारं मालूम होतं. मामाजीनं कागद लिवताना चार बोटं दाखवून तीन मिटली, तवा मी तिथंच चहा ठेवून राहिली होती." खरे आहे. वडिलांची ती बोटे मलाही दिसली होती.

म्हणून भट्टीचा चौथा हिस्सा मी गुलाबला देत नाही, परत करतो. उरलेल्यातले आणखी दोन हिस्से आणि खमिराचा मटका त्याला देतो.

कलम चार. मुलगा हेमंत भट्टी पाडून तिथे व्हिडिओ लावणार आहे. म्हणतो, "बाबा, लोकं आता बन नाही खाऊन राहिले, पिक्चर पाहून राहिले." त्याला भट्टीचा पाव मिळत जावा. त्याचा अर्थ गुलाबने लावावा. चिठ्ठ्यांचा डबाही हेमंतला. धंदा शिकायचा झाल्यास सगळा त्यातच आहे.

या मृत्युपत्राची नक्कल काल बनासोबत पांढुर्ण्याला पाठवली. दुपारच्या बसने उत्तर आले, ते जसेच्या तसे उतरवतो: "दादा, कागद वाचला. मीठ बराबर हाय. हेमंतले पाव नको लिहू, चौथा हिस्सा लिही. तो शब्द आपल्या दोघायलेच पुरे झाला. उद्या बन पाठवू नको. मी सकाळच्या गाडीनं येऊन राहिलो."

एकोणीस वर्षांत मीठ बरोबर असल्याची ही पहिलीच चिठ्ठी. आज बसने बन गेलेला नाही. दोन काढून झाकून ठेवले आहेत.

मुक्काम सौंसर, दिनांक १२ नोव्हेंबर १९८६.

सही: शालिकराम हिरामण सोमकुवर

साक्षीदार: दादाजी वल्द रामाजी घागरे, निवृत्त पोस्टमन
साक्षीदार: लीलाबाई बागडे, शेजारीण (पूर्ण वाचून, दोन ठिकाणी हसून सही केली)

खाडाखोड एक: कलम चारमधला "पाव" खोडला आहे. त्या जागी "चौथा हिस्सा" असे वाचावे. खोडलेल्या शब्दावर माझी सही आहे.