पेरूचा सोडा

राहाता,
शनिवार सकाळ

प्रिय स्नेहल,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीचे दोन कागद बंबात गेले. तू फोन उचलत नाहीस त्याचा राग नाही. उचलला असतास तरी मी उन्हापावसाचं काहीतरी बोलून ठेवून दिला असता. अंगणवाडीत सत्तावीस वर्षं रजिस्टरं भरली, लिहायचा कंटाळा मला कधी नव्हता, पण आज दोन ओळी झाल्या की उठतेय. आत्ताही मधेच उठून गाईला पाणी दाखवून आले. तिला तहान नव्हती. तू अकोल्याला माहेरी गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. तू परत येणार आहेस का, हे तुला विचारायचं पार्थला धाडस होत नाही, आणि त्याला विचारायचं मला.

घरी सगळे बरे आहेत. पेरूचा शेवटचा तोडा झाला, ऊन चढायला लागलंय. तुझी आल्याची बरणी जिवंत आहे. तू गेल्यावर दोन दिवस मी तिच्याकडे बघितलंच नाही, तोंड फिरवून जात होते. तिसऱ्या दिवशी राहवेना. तू टाकायचीस तसं किसलेलं आलं आणि चमचाभर साखर टाकली, तर संध्याकाळी वर बुडबुडे. तेव्हापासून रोज टाकते. दिवसातून किती वेळा झाकण उघडून बघते ते सांगत नाही, तू हसशील. हसलीस तर बरंच आहे म्हणा.

आठवतं का, तू हे खूळ काढलंस तेव्हा मी किती कुरकुर केली होती? डागी पेरू व्यापारी बाजूला टाकतो, ते गाईपुढे जातात, ते तुला बघवेना. मोबाईलवर बघून तू आल्याचं पाणी आंबवायला ठेवलंस आणि म्हणालीस, आई, हे सोड्याचं विरजण. पार्थ म्हणाला, आता आमच्या मळ्यात कोल्ड्रिंकची फॅक्टरी निघणार. मग ती पहिली बाटली. पाव्हण्यांसमोर उघडायला गेलीस आणि अख्खी बाटली आढ्याला. नुकता रंग दिलेला, त्यावर गुलाबी पेरूचा हा एवढा पट्टा, आणि पाव्हण्यांच्या टोपीवर बिया. मी दिवसभर धुसफुसत होते. तो डाग अजून तसाच आहे. परवा पार्थ फडकं घेऊन स्टुलावर चढला तर मी त्याच्यावर ओरडले. का ओरडले ते मलाही कळलं नाही.

आणि आमचे आबासाहेब! कोनाड्यात विसरलेली आठ दिवसांची बाटली सापडली, तर दोन पेले रिचवले आणि गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात हात टाकून तिला सोसायटीच्या निवडणुकीची सगळी हकीकत सांगत बसले. मी बोलवायला गेले तर मलाच म्हणतात, लई भारी हाय गं, गार गार वाटतंय. दुसऱ्या दिवशी गळ्यातली माळ हातात धरून बसले होते, तोंड एवढंसं करून. जास्त दिवस ठेवलं की चढतं, हे तू त्यांना कसं सांगावं म्हणून माझ्याकडे बघत होतीस. मीच सांगितलं, गॅस झाला होता तुम्हाला. पुढे तुझा हात बसला. अडीच दिवस बंद खोलीत, रोज सकाळी एकदा झाकण सैल करून वारं काढायचं, मग फ्रिज. चव अशी की शेजारच्या साळूबाईनं नातीच्या साखरपुड्याला चोवीस बाटल्या सांगितल्या. तुझी पहिली मागणी. तू त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होतीस, मी ऐकलं होतं.

बाटल्या भरून झाल्या आणि त्याच दुपारी तुझी अडचण आली. आपल्या घरात बाजूला बसवत नाहीत, पण लोणच्यापापडाला त्या चार दिवसांत हात लावायचा नाही, ही माझ्या सासूबाईंची रीत मी चालवली. आणि हे मुरतं आहे, म्हणजे लोणच्यातच धरायचं, असं मीच ठरवलं. गंमत बघ, अंगणवाडीत मी पोरींना तक्ता दाखवून सांगायची की यात विटाळ-बिटाळ काही नसतो. घरी आले की बरणीपुढे सासूबाई उभ्या. तू वाद घातला नाहीस. एवढंच म्हणालीस, आई, रोज सकाळी झाकणं तेवढी सैल करा आणि परवा संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवा. मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी साळूबाई दोन जावांना घेऊन बाटल्या बघायला आली. पडवीत चहा चालला होता. पहिला आवाज झाला तेव्हा साळूबाई म्हणाली, डीपी उडाली का काय. मग दुसरा, मग तिसरा, नि आतून काचांचा खळखळाट. कोणाला काही कळायच्या आत तू आत धावलीस आणि उरलेल्या बाटल्यांची झाकणं उघडायला लागलीस. एक तुझ्या हातातच फुटली. तळहाताला सात टाके पडले. मी फडकं आणायच्या आधी तोंड उघडलं. सगळ्यांसमोर म्हणाले, हिनंच गुपचूप हात लावला असणार, चार दिवस दम निघाला नाही. पार्थ दारात उभा होता, तो खाली बघत राहिला. रक्ताचा हात तसाच धरून तू मला एकच विचारलंस, आई, तुम्ही झाकणं सैल करत होता ना? मी म्हटलं, रोज. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ जीप घेऊन आला.

मी परत उठले होते. बरणी बघून आले.

स्नेहल, मी एकदाही झाकण सैल केलं नव्हतं. बाटल्या भरल्याच्या दुसऱ्या दिवशी आत गेले तर एका बाटलीतून सूं सूं आवाज येत होता. मला वाटलं, गॅस निघून चालला, सोडा मरणार, साळूबाईच्या पाव्हण्यांत आपलं नाक कापलं जाणार. तुला विचारायला हवं होतं, तू पलीकडच्या खोलीतच होतीस. पण सुनेला काय विचारायचं? पार्थची पक्कड आणली आणि चोवीसच्या चोवीस झाकणं आवळली. उजेड नको म्हणून वर गोधडी टाकली. तुझा हात लागला नव्हता, माझा लागला होता. काल साळूबाईच्या ओट्यावर जाऊन तिच्या जावांसमोर हे सांगून आले. ती म्हणाली, मनकर्णे, मंग त्या पोरीला कशापायी बोलली गं? आज सकाळी चहाच्या वेळी आबासाहेबांना आणि पार्थला सांगितलं. पार्थ कप तसाच ठेवून विहिरीवरची मोटार बघायला गेला, तासाने आला आणि म्हणाला, सोमवारी अकोल्याला जातो. तो त्या दिवशी गप्प का राहिला, ते त्याचं त्यानं तुला सांगावं. ये म्हणायचा हक्क मी घालवलाय, म्हणून ते लिहीत नाही. हे पत्र आणि तुझी बरणी त्याच्याबरोबर देतेय. एसटीत मांडीवर धर म्हटलंय, आणि झाकण सैलच राहू दे, पँटवर सांडलं तर सांडलं. तुझ्या दारात पोचली की पुढचं आलंसाखर तू तुझ्या हातानं घाल. तेव्हा तुझे चार दिवस असले, तरीही.

तुझीच, तू अजून म्हणत असशील तर,
आई