मोठ्या बायांचे झोके

३ जुलै १९९९

साहेबराव हो म्हणाले! त्यांच्या बियाण्याच्या दुकानात, पोत्यांवर माझा नकाशा पसरून, गिऱ्हाइकांच्या देखत. जालना रोडवरच्या त्यांच्या रानात मुलांसाठी पार्क होणार — भोकरदनला! — आणि ते मी आखलेलं असणार.

"पोरी, बीएत हे शिकवतेत व्हय?"

काय सांगू? लहानपणी जांबच्या यात्रेत राहटपाळण्यात बसायचं सोडून मी खालीच उभी राहायचे. आधी कोणता पाळणा भरतात, लगेच समोरचा का भरतात, ते बघत. अण्णांनी कान धरून घरी नेलं होतं. कॉलेजच्या सहलीत मुंबईकडचं मोठं पार्क पाहिलं, तेव्हाही तेच. मैत्रीण शकीला पाळण्यात ओरडून ओरडून घसा बसवून आली. मी रांग बघत होते. रांग सरळ ठेवतच नाहीत! वळवत नेतात. पुढे किती माणसं आहेत ते कळत नाही, आणि दर वळणावर पाळण्याचा नवा तुकडा दिसतो. कचऱ्याचा डबा नेमका आइसकँडी संपते तिथे. हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं! तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

नकाशातला एक कोपरा साहेबरावांनी नीट पाहिलेला नाही. मी दाखवलाही नाही.

५ जुलै

आज पाहिला.

विहिरीकडे, मेंदीच्या कुंपणाआड उंच झोके. मोठ्या बायांसाठी. प्रत्येक बागेत पाटी असते — मोठ्यांनी बसू नये. आणि आपल्याकडे बायांना झोका वर्षातून एकदा, पंचमीला. मला रोजचा पाहिजे. काम आटोपलं, वाटलं, गेलं, बसलं.

साहेबराव म्हणाले, "रोडच्या कडंला बाया झोके घेतील? मला काय म्हणतील लोक?"

मी खूप बोलले. जरा जास्तच. शेवटी म्हणाले, "पंचमीला उभे करून दाव. बाया आल्या तर राहू दे झोके. न्हाई आल्या तर तिथं माझ्या वडलांचा पुतळा."

पुतळा! पार्कात!

६ जुलै

आई म्हणते, "मी न्हाई बसायची. पोरीचं लग्न करायचं का झोके खेळायचे?" अण्णा शेजाऱ्यांना सांगत होते, "शिकवलं, अन् आता घसरगुंड्या काढून राह्यली."

१ ऑगस्ट

दोन ठिकाणी कुंपण पुन्हा आखलं. रोडवरून दिसू नये, पण आत बसलेल्या बाईला रोड दिसावा. जेवणात लक्ष नाही.

१५ ऑगस्ट

खांब आलेच नाहीत! जालन्यात मस्तगडला लालमियाँच्या वेल्डिंगच्या दुकानात फोन लावला. "पंधरा ऑगस्ट हाय ताई, दुकान बंद. उद्या सकाळी बराबर आणतो." उद्या म्हणजे पंचमीच. पहाटेच टेम्पो आला तर दुपारपर्यंत उभे होतील. व्हायलाच पाहिजेत.

१६ ऑगस्ट, नागपंचमी



खांब वेळेवर आले. साहेबरावांचे गडी आज कामाला येईनात. सणाची सुट्टी असेल असं वाटलं मला! धाकटा भाऊ भुजंग आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांना नेलं. खड्डे खांदले, दगड ठासले, साखळ्या अडकवल्या. मी स्वतः पहार चालवली. आणि बाया आल्या! वारुळाची पूजा करून, नव्या बांगड्या घालून, घोळका. पुढे साहेबरावांच्या बायको द्वारकाबाई. आई मागे होती.

फाटकात थांबल्या सगळ्या. ओल्या काळ्या मातीचे ढीग बघत.

"आज खांदलं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "पंचमीला? भुईच्या पोटात आज कोण असतंय, हे न्हाई शिकवलं कॉलेजात?"

कुणीतरी हसलं. मग सगळ्या वळल्या. आईसुद्धा.

सकाळी घरात सुरीला हात लावला नाही, तवा ठेवला नाही, पुरणाची दिंडं खाऊन निघाले — आणि रानात जाऊन पहार चालवली! स्वयंपाकघरातलं सगळं पाळलं, जमिनीचं आठवलंच नाही.

आई एवढंच म्हणाली, "तू शिकलेली, म्हणून सांगितलं न्हाई. म्हणलं, माहीत असंल."

१७ ऑगस्ट

साहेबरावांना म्हटलं, बाया आल्या होत्या, खड्ड्यांमुळे गेल्या. "आल्या अन् गेल्या, म्हंजे न्हाई आल्या. पुढच्या बुधवारी खांब काढायला गडी लावतो."

१९ ऑगस्ट

झोक्यांशिवाय नकाशा काढून पाहिला. मधोमध पुतळा. बघवेना. फाडला.

२२ ऑगस्ट

भुजंग म्हणतो, "ताई, मी बसू का साडी नेसून? साहेबरावाला काय कळतंय!" हसले. हसता हसता रडू आलं. त्याच तिरमिरीत दुकानात गेले आणि सांगितलं — पुतळा बसणार असेल तर ते पार्क माझं नाही.

"बरं मंग. जालन्याचा इंजिनियर आणतो." तराजूवरून नजरसुद्धा उचलली नाही.

संपलं. आणि मीच संपवलं.

२५ ऑगस्ट

बुधवार. सण नाही, वार नाही. आई सकाळपासून कुठे गेलीय, सांगूनही गेली नाही. खांब काढायला गेलेले गडी आत्ता पहारी घेऊन तसेच परतले. त्यांच्यातला वसंता दारातूनच ओरडला, "ताई, खांब कसं काढावं? मालकीणबाई बसल्यात झोक्यावर! उतरा म्हणलं, तर म्हणत्या, मालकाला धाडा उतरवायला. अन् मागून झोका देऊन राह्यली ती तुमची आई!"